सापळा फोडला म्हणून बोंडअळी जात नाही

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कुणाच्या घरी अजून कापसाची वेचणी चालू आहे, कुणाची दादर निसवायला लागली आहे. शहाद्याकडून, तळोद्याकडून, नवापूर-अक्कलकुव्याकडून तुम्ही हातातली कामे टाकून इथे आलात. तेव्हा पहिली गोष्ट शेतातलीच सांगतो.

कपाशीत आपण कामगंध सापळे लावतो. सकाळी उठून आदल्या रात्री किती पतंग सापडले ते मोजतो. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडायला लागले, की समजायचे, गुलाबी बोंडअळी आली, आता हालचाल केली पाहिजे. आम्ही शेतकी कॉलेजात हे पुस्तकातून शिकलो, तुम्ही २०१७ साली पीक हातचे घालवून शिकलात. आता समजा, एखादा शेतकरी सकाळी सापळ्याजवळ गेला, पतंग मोजले, आकडा पाहून त्याला राग आला आणि त्याने काठी घेऊन सापळाच फोडला. दुसऱ्या दिवशी पतंग शून्य! गावात सांगत सुटला, माझ्या वावरात अळी नाही. त्याला तुम्ही काय म्हणाल? इथे बोलून दाखवू नका, मायबहिणी बसल्या आहेत.

पण सरकारने असेच केले तर त्याला शब्द आहेत. त्याला साथरोग नियंत्रण म्हणतात, कायदा-सुव्यवस्था म्हणतात. साथ आली की सरकार आधी रोगाच्या मागे लागत नाही, रोगाची बातमी देणाऱ्याच्या मागे लागते. आज त्याविषयीच बोलायचे आहे.

कुणी म्हणेल, कोरोना होऊन गेला, आता ते कशाला उकरून काढता? कापसाच्या भावाचे बोला. भावाचेही बोलू. पण घर शाकारायचे ते उन्हाळ्यात. पाऊस डोक्यावर आल्यावर कुणी कौले बदलत नाही. पुढची साथ आज दारात नाही, म्हणून हे बोलायचा काळ आजचा आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. रोग खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. आपल्यातली माणसे गेली. लस घेऊ नका असे आम्ही कधी सांगितले नाही, घ्या असेच सांगत फिरलो. गर्दी टाळा, तोंड झाका, यात चूक काहीच नव्हते. नाक-तोंड झाकायला आमची हरकत नव्हती. त्या कापडाखाली जीभही बांधली, हरकत त्याला आहे.

२०२० चा मार्च आठवा. २४ मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर बोलले आणि चार तासांनी, रात्री बारापासून, सारा देश बंद. त्या दिवशी आपल्या घरात काय होते? ज्याला गरज होती त्याने दिवाळीतच कापूस विकला होता. ज्याने भाव वाढेल म्हणून ठेवला होता, त्याच्या घरात झोपायला जागा नव्हती, कापूस छपराला टेकला होता. हमीभाव ५,५५० रुपये. सीसीआयची खरेदी थांबली, पणन महासंघाची थांबली, जिनिंग बंद. महिन्याभराने खरेदी सुरू झाली तर नोंदणी, नंबर, ग्रेडर, रांग. तोवर खेड्यात येणारा व्यापारी हमीभावाच्या बऱ्याच खाली मागत होता, आणि बी-बियाण्याला पैसा लागत होता म्हणून लोक देत होते. सातपुड्यातली आपली माणसे गुजरातेत ऊसतोडीला, मजुरीला गेलेली. ती लेकरे-बाळे घेऊन पायी निघाली आणि सीमेवर अडवली गेली.

या साऱ्याबद्दल कुणी काय बोलायचे, याचा हुकूम लॉकडाऊनच्याही आधी निघाला होता. १४ मार्च २०२० ला महाराष्ट्र सरकारने कोविडची नियमावली काढली. तिच्यात एक कलम असे होते, की माहितीची खात्री केल्याशिवाय आणि आरोग्य आयुक्त, आरोग्य संचालक किंवा जिल्हाधिकारी यांची आधी मंजुरी घेतल्याशिवाय कोविडबद्दलची कोणतीही माहिती कुणीही छापू नये, वाहिनीवर सांगू नये, समाजमाध्यमांवर पसरवू नये. पसरवली तर गुन्हा. खात्री करून बोला, हे ठीक आहे. पण आधी मंजुरी? आपल्या गावच्या दवाखान्याला कुलूप आहे एवढे सांगायला धडगावच्या पाड्यावरच्या माणसाने नंदुरबारला जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा! आणि घराबाहेर पडायला बंदी.

पुढे मुंबई पोलिसांनी कलम १४४ खाली हुकूम काढला. खोट्या बातम्या पसरवू नका, इथवर ठीक. पण त्यात असेही होते, की सरकारी अधिकाऱ्यांबद्दल आणि साथ रोखण्यासाठी ते करत असलेल्या कामाबद्दल अविश्वास निर्माण होईल असे काही पसरवू नका. म्हणजे रोगाबद्दलची अफवा आणि साहेबाबद्दलची तक्रार एकाच दावणीला बांधली. एप्रिलमध्ये उस्मानाबादच्या एका वाहिनीच्या पत्रकाराला पहाटे उचलून मुंबईला नेले. त्याची बातमी रेल्वेच्या एका आतल्या पत्रावर आधारलेली होती. दुसऱ्याच दिवशी न्यायालयाने त्याला जामीन दिला. पण ती एक रात्र राज्यातल्या प्रत्येक तालुका वार्ताहराने पाहिली आणि आपापली लेखणी खिशात ठेवली. धाक बसवायला शंभर माणसे आत टाकावी लागत नाहीत, एक पुरते.

आता आपल्याकडची गोष्ट. गावाचे नाव घेत नाही. तिथला एक पदवीधर मुलगा, आपल्याच संघटनेचे काम करणारा. त्याने व्हॉट्सअॅपवर चार ओळी टाकल्या की आमच्या उपकेंद्राला आठ दिवस कुलूप आहे, दोन घरांत ताप आहे, कुणीतरी लक्ष द्या. दुसऱ्या दिवशी त्याला ठाण्यावर बोलावले. दिवसभर बसवून ठेवले. अफवा पसरवतोस, गुन्हा दाखल करू, नोकरी लागणार नाही, असे ऐकवले. त्याने आम्हाला फोन केला. आणि आम्ही काय सांगितले? "लिहून दे बाबा माफी, विषय मिटव." त्याने माफी लिहून दिली, मजकूर पुसला, घरी आला. विषय मिटला असे आम्हाला वाटले.

एक वर्षाने दुसरी लाट आली. एप्रिल २०२१. आम्ही त्या गावात गेलो, ताप कुणाला आहे विचारले. कुणाला नाही! सारे गाव ठणठणीत. रात्री एका म्हाताऱ्याने बाजूला घेऊन सांगितले, बरेच लोक आजारी आहेत, वावरातल्या झोपडीत जाऊन निजतात. सांगत का नाहीत? तर म्हणाला, "सांगणाऱ्याचं काय झालं ते पाहिलं ना आम्ही." एक बाई दवाखान्यात पोचली तोवर फार उशीर झाला होता. तिच्या मरणाला कोरोना कारण, हे कागदावर बरोबर आहे. पण सापळा एक वर्ष आधीच फुटला होता, आणि फोडणाऱ्यांत आमचाही हात होता.

भावांनो, हा कायदा आला कुठून? २०२० च्या नियमावलीवर नाव होते साथरोग अधिनियम, १८९७. एकशे तेवीस वर्षांचा म्हातारा कायदा. त्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग निघाला. डॉ. व्हिएगस यांनी तो ओळखून सांगितला. त्याच वर्षी दख्खनमध्ये दुष्काळ होता. दुष्काळात शेतसारा तहकूब करण्याचे, माफ करण्याचे नियम सरकारच्याच फॅमिन कोडात होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेने खेड्यापाड्यांत माणसे पाठवून रयतेला सांगायला सुरुवात केली, की बाबांनो, पीक बुडाले तर सारा भरण्यासाठी बैल विकू नका, नियम तुमच्या बाजूने आहे. सरकारचा नियम सरकारच्या रयतेला सांगणे, एवढाच गुन्हा. सरकारने १८९७ साली सभेची मान्यता काढून घेतली. यापुढे तुमचे पत्र आम्ही वाचणार नाही, असे कळवले.

त्याच फेब्रुवारीत साथीचा कायदा आला. चार कलमांचा, एका पानात मावणारा. पहिल्या कलमात नाव. दुसऱ्यात, साथ रोखण्यासाठी सरकारला वाटेल तो नियम करता येईल. तिसऱ्यात, नियम मोडला तर शिक्षा. चौथ्यात, या कायद्याखाली सद्‌हेतूने काही केले तर कुणाही अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही. रयतेचे काय? तिला औषध मिळेल, भरपाई मिळेल, तिची तक्रार ऐकली जाईल, याचे कलम कुठे आहे? नाही. पानावर जागा पुष्कळ होती, तरी नाही.

पुण्यात त्या साथीत दोन तऱ्हांनी काम झाले. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे चिरंजीव डॉक्टर यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई रोग्यांना स्वतः आणत होत्या, त्यांची सेवा करत होत्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. तीनच दिवसांनी, १३ मार्चपासून, रँडसाहेबाच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी पुण्यात घरझडती सुरू केली. देवघरात, स्वयंपाकघरात बूट घालून शिरायचे. बाया-माणसांना रस्त्यावर उभे करून तपासायचे. सामान बाहेर काढून जाळायचे. रोग तोच आणि शहरही तेच. एका ठिकाणी रोग्याला उचलून दवाखान्यात नेले जात होते, दुसऱ्या ठिकाणी दंडाला धरून ओढले जात होते. ज्याला ओढून नेतात तो लपतो. लोकांनी रोगी माळ्यावर लपवले, प्रेते घरात पुरली.

जे बोलले त्यांचे काय झाले? पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या इस्पितळातल्या बायकांच्या हालांबद्दल वर्तमानपत्राला पत्र लिहिले. गव्हर्नराने ते खोडून काढले. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवरून त्यांनी तिथे सोजिरांच्या अत्याचारांचा जाहीर आरोप केला. परत आले तेव्हा सरकार म्हणाले, पुरावा द्या. ज्यांनी पत्रे लिहिली त्यांतला कुणी नाव द्यायला तयार नव्हता. गोखल्यांसारख्या माणसाला जाहीर माफी मागावी लागली. ही गोष्ट ध्यानात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

टिळकांनी रोग खोटा आहे असे कधी लिहिले नाही. रोग्याला वेगळे ठेवले पाहिजे हे त्यांना मान्य होते. त्यासाठी त्यांनी इस्पितळ काढले आणि बडे लोक गाव सोडून गेले तेव्हा ते पुण्यात राहिले. ज्या रीतीने बंदोबस्त चालला होता तिच्यावर त्यांनी केसरीत टीका केली. २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. सरकारने टिळकांना महिन्याभराने पकडले ते कशावरून? शिवरायांच्या उत्सवानिमित्त केसरीत आलेल्या मजकुरावरून, राजद्रोह म्हणून! ज्यूरीत नऊ जण. सहा गोरे म्हणाले दोषी, तीन हिंदी म्हणाले निर्दोष. १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांची सक्तमजुरी. नातू बंधूंना तर खटल्याशिवायच अडकवून ठेवले. आणि १८९८ साली राजद्रोहाचे कलम आणखी रुंद केले.

आता खरा हिशेब. इतके करून प्लेग गेला का? त्याच वर्षी पुढच्या हंगामात पुण्यात प्लेग परत आला, आणि आधीपेक्षा जोराने आला. त्यानंतरही वर्षानुवर्षे येत राहिला. शेवटी सरकारलाच जबरदस्ती सैल करावी लागली, लोकांना विश्वासात घ्यावे लागले. साथ आवरली नाही, पण साथीच्या नावाने केलेला कायदा आणि रुंद केलेले कलम मात्र राहिले. इंग्रज गेला, ती दोन्ही राहिली. राजद्रोहाचे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली थांबवून ठेवले. २०२४ साली नवी संहिता आली, त्यात ते दुसऱ्या शब्दांत, दुसऱ्या नंबराने आले.

आणीबाणीत हाती घेतलेला आसूड सरकार खाली ठेवत नाही, हे शेतकऱ्याला कुणी शिकवायची गरज नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजाने धान्यावर, कापडावर नियंत्रणे आणली. युद्ध संपले. १९४६ साली कायदा केला, त्याच्या नावातच 'तात्पुरते अधिकार' असे शब्द होते. १९५५ साली 'तात्पुरते' गळाले आणि आवश्यक वस्तू कायदा आपल्या मानेवर बसला. युद्ध १९४५ साली संपले, आपल्यापुरते अजून चालू आहे.

कोरोनातही तेच. ५ जून २०२० ला, लोकांना जमायला बंदी असताना, शेतीचे तीन अध्यादेश निघाले. त्यांच्या मजकुरावर शेतकरी चळवळीत दोन मते होती, आजही आहेत. बाजार मोकळा व्हावा असे म्हणणारे या मांडवात आहेत, हमीभावाची हमी हवी म्हणणारेही आहेत. त्या वादात आज जात नाही. पण दोघांनाही विचारतो. शेतकऱ्याच्या भल्याचा कायदा शेतकऱ्याचे तोंड बांधलेले असतानाच का काढायचा? २० सप्टेंबरला राज्यसभेत विरोधक मतदान मागत होते, आवाजी मताने काम उरकले. मग दिल्लीच्या वेशीवर वर्षभर लोक बसले आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला संसदेने ते तिन्ही कायदे रद्द केले. ज्यांना ते हवे होते त्यांच्याही हाती काही लागले नाही. न विचारता पेरलेले असे उगवत नाही.

आणि गंमत पाहा. कांदा आवश्यक वस्तूंतून मोकळा केला म्हणून जूनमध्ये ढोल वाजवले. १४ सप्टेंबरला त्याच कांद्याची निर्यात बंद. २३ ऑक्टोबरला साठ्यावर मर्यादा. त्याविरुद्ध चार शेतकरी रस्त्यावर बसले तर साथीचे नियम मोडले म्हणून गुन्हा. असे कलम १८८ चे गुन्हे राज्यात इतके साचले की २०२२ साली सरकारलाच ते मागे घेण्याचे ठरवावे लागले.

आता दुसरी बाजू मांडतो, नाहीतर तुम्ही म्हणाल एकाच बाजूचे बोलतात. अफवा होत्या की नव्हत्या? होत्या. लस घेतली की माणूस मरतो, मूल होत नाही, हे आपल्या डोंगरात पसरले होते. आपल्या बैठकीत बसणाऱ्या माणसांनीही पसरवले होते. त्याने माणसे दगावली असतील. म्हणून बोलणे मोकळे ठेवा म्हणणाऱ्याने आपल्या जिभेचा हिशेबही दिला पाहिजे. पण ती भीती गेली कशाने? किती जणांवर गुन्हे दाखल केले त्याने गेली नाही. आशाताई पाड्यावर गेल्या, भिलीत, पावरीत बोलल्या, आधी स्वतः टोचून घेतले, तेव्हा गेली. अंधारात दिसणारे भूत दिवा लावल्यावर जाते. अंधाराला दम दिल्याने जात नाही.

आणि जे चांगले झाले ते चांगले म्हणू. आपल्या जिल्ह्यात जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या प्रशासनाने पहिली लाट चालू असतानाच, २०२० च्या सप्टेंबरात, ऑक्सिजनचा प्रकल्प उभा केला, पुढे आणखी उभे केले. २०२१ च्या एप्रिलात मोठमोठी शहरे ऑक्सिजनसाठी तडफडत होती तेव्हा मागासलेल्या नंदुरबारचे नाव देशभर झाले. ते नाव बातमी दाबून झाले नाही. पुढे वाईट वेळ येऊ शकते हे आधी कबूल केले, म्हणून तयारी झाली. त्याच महिन्यात केंद्र सरकार ट्विटरला सांगून सुमारे पन्नास मजकूर काढायला लावत होते, त्यांत साथीच्या हाताळणीवर टीका करणारे मजकूरही होते. ३० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाला बजावावे लागले, की ऑक्सिजन नाही, खाट नाही असे सांगणाऱ्या नागरिकाचे तोंड दाबाल तर तो न्यायालयाचा अवमान समजू. देशाच्या सर्वात मोठ्या न्यायालयाने ओरडणाऱ्याला ओरडू द्या म्हटले. हेच आमच्या त्या गावच्या पोराने एक वर्ष आधी केले होते.

नवापूरवाले बसले आहेत. त्यांना २००६ चा फेब्रुवारी आठवत असेल. देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नवापुरात जाहीर झाला. कोंबड्या जाहीर होण्याच्या आधीपासून मरत होत्या. पोल्ट्रीवाले म्हणत होते, हा राणीखेत आहे. भोपाळच्या प्रयोगशाळेचा निकाल आला आणि लाखो कोंबड्या मारून पुरल्या. माणसात रोग गेला नाही, ही चांगली गोष्ट. कोंबड्या मारणे शास्त्राप्रमाणे बरोबर होते, हेही आम्ही शेतकीचे शिकलेले म्हणून सांगतो. पण ज्या आदिवासी बाईच्या परसात पाच कोंबड्या होत्या, त्या तिच्या मीठ-मिरचीच्या पैशाची बँक होत्या. तिच्या दारात पांढरे कपडे घालून माणसे आली आणि कोंबड्या घेऊन गेली. ती आपणहून पुढच्या वेळी सांगेल का, की माझी कोंबडी मान टाकते आहे? ज्याला सांगितल्याने नुकसान होते तो लपवतो. ज्याला सांगितल्यावर त्याच दिवशी हातात पूर्ण भरपाई मिळते तो धावत येऊन सांगतो. २०२१ साली नवापुरात बर्ड फ्लू परत आला. रोग परत परत येतात. म्हणून लोकांनी आपणहून सांगावे, अशी व्यवस्था आधी करावी लागते. साथीच्या नियंत्रणाचे निम्मे शास्त्र तेवढेच आहे. माणसाला, कोंबडीला आणि कपाशीला ते सारखेच लागू पडते.

मग आपण मागायचे काय?

एक, साथीच्या काळात निघणाऱ्या प्रत्येक हुकमावर संपण्याची तारीख छापा. मुदत वाढवायची तर विधानसभेत येऊन कारण सांगा. 'पुढील आदेश होईपर्यंत' हे शब्द चालणार नाहीत.

दोन, बोलण्याआधी मंजुरी, हे कलम पुन्हा कुठल्याही नियमावलीत नको. कुणी जाणूनबुजून खोटे सांगून नुकसान केले तर खटला चालवा, कोर्टात सिद्ध करा. पण दवाखान्याला कुलूप आहे हे सांगणाऱ्याला ठाण्यावर बोलावण्याआधी एक माणूस कुलूप पाहायला पाठवा.

तीन, चौथे कलम अधिकाऱ्याला संरक्षण देते, तर त्याच्या शेजारी पाचवे घाला. सरकारच्या हुकमाने ज्याचा बाजार बंद झाला, ज्याच्या कोंबड्या मारल्या, ज्याचा माल सडला, त्याला ठरलेल्या दिवसांत भरपाई.

चार, लोकांना जमायला बंदी असेल त्या काळात शेतमालाचा, जमिनीचा, पाण्याचा कोणताही नवा कायदा अध्यादेशाने नको. तो आमच्या सोयीचा असला तरी नको.

आणि आपण करायचे काय? गोखल्यांची गोष्ट आठवा. खोटे बोलले म्हणून त्यांना माफी मागावी लागली नाही. खरे सांगणारी माणसे त्यांच्यामागे उभी राहिली नाहीत, म्हणून मागावी लागली. तेव्हा आजपासून प्रत्येक गावात एक साधी वही ठेवा. उपकेंद्र बंद, तारीख लिहा. खरेदी केंद्रावर गाडी परत पाठवली, तारीख लिहा. हुकूम तोंडी दिला, कुणी दिला ते लिहा. जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहा. ऐकीव लिहू नका, फुगवू नका. खाली दोन जणांच्या सह्या किंवा अंगठे. एका बाईची सही असलीच पाहिजे, कारण घरात आजारी कोण आहे ते तिला आधी कळते. एका माणसाला ठाण्यावर बसवणे सोपे आहे. ज्या कागदावर चाळीस अंगठे आहेत तो कागद बसवून ठेवणे अवघड आहे. आणि आपल्यातल्या कुणाला बोलावले, तर माफी लिहून दे असे फोनवर सांगायचे नाही. सगळ्यांनी चालत जायचे आणि सांगायचे, हे आम्हीही पाहिले आहे, आमचीही नावे लिहा.

याच नंदुरबारच्या चौकात १९४२ साली शिरीषकुमार नावाचा शाळकरी पोर झेंडा घेऊन गोळीसमोर उभा राहिला. आज कुणी तुम्हाला छाती पुढे करायला सांगत नाही. वहीत सही करा, एवढेच मागतो.

शेवटचे एक. तो मुलगा आज या मांडवात बसला आहे. त्याला विचारलेले नाही म्हणून नाव घेत नाही, त्यालाही वाटले तर उभे राहावे, नाहीतर बसून राहावे. त्याने तेव्हा जे लिहिले ते खरे होते. त्याला माफी लिहायला आम्ही लावली. ती चूक आमची होती. आज जिल्ह्यातल्या सगळ्या शेतकऱ्यांसमोर आम्ही त्याची माफी मागतो.

त्याच्या गावाची वही आम्ही सोबत आणली आहे. पहिले पान कोरे आहे. तेव्हा जे पुसायला लावले, ते आधी त्या पानावर परत लिहू, खाली सह्या करू, आणि मग कापसाच्या भावाच्या ठरावाकडे वळू.